एनडीएत मुलगा गेला, तर खर्च किती?

मी दहावी-बारावीच्या मुलांना एनडीएच्या परीक्षेबद्दल मार्गदर्शन करतो. परवा एका पालकांनी हळूच विचारलं, “सर, फी किती असते?”

खडकवासल्याच्या एनडीएत शिकवणीची फी नसते. तीन वर्षांचं राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, औषधोपचार, सगळं सरकार करतं. वर जेएनयूची पदवी मिळते.

मात्र या तीन वर्षांत पगार नसतो. हातखर्च घरून द्यायचा. दाखल होतानाही हातखर्च, काही कपडे आणि गटविम्यापोटी रक्कम भरावी लागते. उत्पन्न कमी असलेल्या पालकांसाठी सरकारी मदत आहे, तिचा अर्ज जरूर करा.

पैसे सुरू होतात ते पुढे. लष्कराचे कॅडेट डेहराडूनच्या आयएमएत वर्षभर असतात, तिथे दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन मिळतं. लेफ्टनंट झाल्यावर हेच मूळ वेतन. त्यावर 15,500 रुपये लष्करी सेवा वेतन आणि महागाई भत्ता वेगळा.

एक अट नीट वाचा: वैयक्तिक कारणाने प्रशिक्षण मध्येच सोडलं, तर खर्चाची वसुली होऊ शकते.

तयारीचा खर्च झेपत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरची राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था बघा.

काही शंका असतील तर खाली बिनधास्त विचारा.