‘शेनिन ब्लांक’ द्राक्षाची ओळख

धामणगांव बढ्याकडील आमच्या कापूसकरी वाचकांस हें नांव परकें वाटेल. पांढऱ्या वाइनची ही जात मूळची फ्रान्समधील ल्वार खोऱ्यांतली. दक्षिण आफ्रिकेंत तिला ‘स्टीन’ म्हणतात. नाशिकच्या सुला कंपनीनें २००० सालीं आपली पहिली वाइन बाजारांत आणली, आणि पुढें ही जात त्या जिल्ह्यांत चांगली रुळली.

मणी लहान, बियांचे, घड गच्च. उष्ण हवेंतही आंबटपणा टिकतो, हा तिचा मोठा गुण. परंतु गच्च घडांत ओल अडकून कूज लवकर शिरते. यास्तव घडाभोंवतालचीं पानें विरळ करून वारा खेळता ठेवावा. छाटण्या दोन: उन्हाळ्यांत खरड छाटणी, पावसाळा सरतां गोडी छाटणी.

थॉम्पसन जातीचें द्राक्ष कोणत्याही बाजारांत खपतें. हें मात्र वाइनच्या कारखान्यावांचून कोणी घेत नाहीं. २००८ नंतरच्या मंदींत वाइनचा उठाव घटला, तेव्हां नाशिककडील कित्येकांनीं उभ्या बागा उपटून टाकल्या. शिवाय येथून नाशिक दूर, आणि तोडलेला माल वाटेंत तापला कीं रस बिघडतो. सबब खरेदीचा लेखी करार हातीं येण्यापूर्वीं मोताळा तालुक्यांत कोणीं एकरभरही लागवड करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. हौसेनें विहिरीजवळ पांच-दहा वेल लावून पाहण्यास आमची ना नाहीं.