मेनूवरची चांदणी

माझी आई हर्णैची. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव बसतो, ते बघत ती लहानाची मोठी झाली. मासा ताजा की शिळा, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, लेकीची शाळा सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौघं इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर गेलो: आई, मी, माझा शाकाहारी नवरा आणि दहा वर्षांची लेक. जेनोवाच्या पूर्वेला कामोल्यी नावाचं छोटं बंदरगाव आहे, तिथे मुक्काम होता. पहिल्या रात्री सगळे थकलेले, म्हणून वाटेत दिसलं त्या पहिल्याच हॉटेलात शिरलो. पाच भाषांतला मेनू, पदार्थागणिक रंगीत फोटो. आईने तळलेला माकूल मागवला, एक तुकडा चावला आणि म्हणाली, "हा बर्फातला आहे गं."

लेकीने मेनू पुन्हा उघडून पाहिला. 'कालामारी' या शब्दापुढे एक इवलीशी चांदणी होती. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तिचा खुलासा होता: चांदणी असलेले पदार्थ गोठवलेल्या मालाचे असू शकतात. आजीच्या जिभेने ओळखलं ते मेनूवर छापलेलंच होतं!

ही चांदणी पुढे आम्हाला जाईल तिथे भेटली. इटलीत गोठवलेला माल ताजा म्हणून देणं हा व्यापारातल्या फसवणुकीचा गुन्हा आहे. नुसतं मेनूवर 'गोठवलेलं' असं न लिहिणं हासुद्धा त्या गुन्ह्याचा प्रयत्न ठरतो, असं तिथल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. म्हणून बहुतेक खानावळवाले, अगदी फोटोवाल्या मेनूचेसुद्धा, तळाशी खरं लिहून ठेवतात. परक्या गावात जेवायला बसणाऱ्यासाठी याहून मोठी सोय मला माहीत नाही. एक अपवाद तेवढा लक्षात ठेवावा. कच्चा खायचा मासा आधी गोठवावाच लागतो, उणे २० अंशांवर निदान २४ तास, म्हणजे त्यातले परजीवी जंत मरतात. तिथे 'गोठवलेलं' हा शब्द काळजी घेतल्याची खूण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मासळीच्या दुकानासमोरून हलेना. बर्फावर मांडलेल्या प्रत्येक माशाजवळ एक पाटी: नाव, पकडलेला की पाळलेला, कोणत्या जाळ्याने, आणि एक आकडा. युरोपात मासा कोणत्या समुद्रातून आला हे लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगातल्या सगळ्या समुद्रांना क्रमांक दिले आहेत. भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र मिळून ३७. बहुतेक पाट्यांवर ३७ होता. कोपऱ्यातल्या माकुलाच्या पाटीवर मात्र ५१ होता. तो आकडा आहे पश्चिम हिंदी महासागराचा, ज्यात आपला अरबी समुद्रही येतो. भारत युरोपला माकूल मोठ्या प्रमाणावर निर्यात करतो आणि इटली हे त्याचं एक ठरलेलं गिऱ्हाईक. आदल्या रात्री आईने चावलेला तो तुकडा कुठल्या समुद्रातला होता ते कळायला मार्ग नाही. पण तो रत्नागिरीसमोरच्या पाण्यातून निघून, बर्फात बसून, आमच्याआधी इटलीला पोचला असणं अगदीच शक्य होतं. लेक त्या ५१ कडे बराच वेळ बघत उभी राहिली.

मग तिने विचारलं, इथे समोर एवढा समुद्र असताना मासे एवढ्या लांबून कशाला आणायचे?

मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर पाण्याखाली आहे. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ हळूहळू, लांबवर उतरत जातो. बॉम्बे हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहेत, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच खोल आहे. ही उथळ, चिखलाची, अन्नाने भरलेली शिवारं म्हणजेच आपली मासळी. लिगुरियात डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि उतरतच राहतो. काही किलोमीटरवर तळ शेकडो मीटर खाली गेलेला असतो. तिथे देवमासे फिरतात, आणि त्यांच्यासाठी १९९९ साली इटली, फ्रान्स आणि मोनाको या तिघांनी मिळून हा सगळा पट्टा राखीव ठेवायचा करार केला. पण जाळं ओढत न्यायला सपाट तळ जेमतेम. म्हणजे समुद्र सुंदर, खोल, निळा, आणि माशांच्या बाबतीत हात आखडून देणारा. उन्हाळ्यात माणसांचे लोंढे येतात तेव्हा तो एकटा त्यांना पुरा पडत नाही. उरलेलं ती चांदणी भरून काढते.

त्या समुद्राची आणखी एक गोष्ट आईला दोन दिवस खटकत होती. बंदरावरच्या टेबलांच्या पायांपासून पाणी हातभर अंतरावर, सकाळी तेवढंच, संध्याकाळीही तेवढंच. "ह्याला ओहोटी नाही का?" तिने विचारलं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. इथे भरती-ओहोटीतला फरक फूटभराचाच. भूमध्य समुद्र म्हणजे जवळजवळ बंद भांडं आहे. जिब्राल्टरपाशी त्याचं तोंड सुमारे १४ किलोमीटर रुंद, आणि तेवढ्याशा फटीतून महासागराची भरती आत शिरू शकत नाही. म्हणून समुद्राच्या ओठावर टेबल मांडता येतं. हर्णैच्या वाळूवर कुणी तसं मांडलं तर सहा तासांत ते वाहून जाईल.

तिसऱ्या रात्री आम्ही बंदरापासून दूर, वरच्या आळीत चढून गेलो. पायऱ्या चढून आईचे गुडघे दुखले, पण तीच पुढे होती. एक त्रात्तोरिया सापडली. आपल्या भाषेत घरगुती खानावळ. आत सात-आठ टेबलं, मेनू फळ्यावर खडूने लिहिलेला, पदार्थ मोजून नऊ, फोटो एकही नाही. आईला तिथली ताजी आच्चूगे खायची होती. ही बोटाएवढी चांदीसारखी मासळी, लिंबात मुरवलेली, तळलेली किंवा सारण भरून केलेली. या किनाऱ्यावर जुने लोक तिला 'समुद्राची भाकरी' म्हणतात. फळ्यावर ती नव्हती. लेकीने मालकीणबाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं, वर, आभाळाकडे. "लूना," त्या म्हणाल्या.

छपरांवर पूर्ण चंद्र होता.

मी पाहतच राहिले. आईला मात्र भाषा न समजता समजलं. "उजेड आहे ना! मग दिव्याला कोण येणार?"

इथली आच्चूगे पारंपरिक रीतीने रात्री दिव्यावर पकडतात. या पद्धतीला लाम्पारा म्हणतात. अंधारात होडीवरचा प्रखर दिवा पाण्यावर धरला की त्याच्या उजेडाकडे बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे आच्चूग्यांचे थवे वर येतात, आणि मग भोवती जाळं टाकून ते घेरतात. पण पौर्णिमेच्या आसपास सगळा समुद्रच उजळलेला असतो. मासळी पसरलेली राहते आणि दिव्याचं कुणाला आकर्षण उरत नाही. त्या रात्री या होड्या किनाऱ्याला लागलेल्या राहतात. म्हणजे त्या फळ्यावर काय लिहायचं हे चंद्राच्या कलेवर ठरत होतं! ज्या खानावळीत तुम्हाला हवं ते 'आज नाही' असं सांगतात, आणि नाही याचं कारण आभाळात दाखवतात, तिथे ठाण मांडून बसावं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

आठवड्याच्या शेवटी चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायला लागला आणि आच्चूगे फळ्यावर आली. आईने दोनदा मागवली.

चांगली खानावळ शोधण्याच्या ज्या खुणा आम्ही शिकलो त्या बहुतेक अशाच 'नाही'च्या आहेत. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं, म्हणून दिवसभर गरमागरम जेवण देणाऱ्या जागेबद्दल जरा शंका घ्यावी. आठवड्यातला एक दिवस दार बंद, तोही पुष्कळदा सोमवार, कारण रविवारी होड्या जात नाहीत. फळ्यावर पदार्थ थोडे. दुपारी साडेबाराला गवंडी, टपालवाले, बँकेतली माणसं जिथे शिरताना दिसतात तिथे कामकऱ्यांसाठी ठरावीक दराचं जेवण असतं, आणि ते बहुतेक वेळा गावातलं सगळ्यात प्रामाणिक जेवण. बिलात 'कॉपेर्तो' म्हणून माणशी थोडे युरो दिसले तर दचकू नये. टेबल मांडल्याचे आणि पावाचे ते पैसे, आणि मेनूवर ते आधी लिहिलेले असतात.

माझ्या नवऱ्यासाठी मी घरून थेपले बांधून नेले होते. ते तसेच परत आले. लिगुरिया हा मासेखाऊ किनारा आहे असं आपल्याला वाटतं, पण इथल्या स्वयंपाकाचा जीव पालेभाज्यांत आहे. त्याला 'परतीचा स्वयंपाक' असंही म्हणतात. महिनोन्महिने जहाजावर खारवलेलं, वाळवलेलं खाऊन घरी आलेल्या खलाशाला मासा नको असायचा, हिरवं काहीतरी हवं असायचं. डोंगरउतारांवर बायका रानभाज्या खुडून त्यांची मिश्र जुडी बांधतात, तिला प्रेबुजून म्हणतात. आपल्या पावसाळ्यातल्या रानभाज्यांची सख्खी बहीणच. ती जुडी उकडून, चिरून, दह्याच्या चक्क्यासारख्या आंबूस चीजमध्ये कालवून पान्सोती नावाच्या पोटफुगऱ्या पास्त्यात भरतात आणि वर अक्रोडाचा पांढरा सॉस. पेस्तोही याच मातीतला. बेसिल, लसूण, मीठ, पाइनचे दाणे, चीज आणि ऑलिव्ह तेल, संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटलेलं. 'पेस्तो' या शब्दाचा अर्थच कुटलेलं. त्याच्या पास्त्यात बटाटा आणि फरसबी त्याच पाण्यात उकडून घालतात. मात्र एक गोष्ट कट्टर शाकाहाऱ्यांनी जाणून घ्यावी. पेस्तोत पडणारं पार्मेजान वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. नवऱ्याने चीज न घातलेलं मागितलं तर मालकीणबाईंनी जराही खळखळ न करता त्याच्यासाठी वेगळं कुटलं.

खरा आनंद मात्र जेनोवात झाला. जुन्या शहराच्या बोळांत 'शामाद्दा' नावाची छोटी दुकानं आहेत. तिथल्या बोलीत या शब्दाचा अर्थ ज्वाळा. आत लाकडाची भट्टी धगधगत असते आणि तिच्यात दोन हात रुंद, तांब्याच्या, आतून कल्हई केलेल्या पराती सरकवतात. परातीत हरभऱ्यासारख्याच पांढऱ्या चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस. पीठ काही तास भिजत ठेवून वरचा फेस काढून टाकतात. भट्टीतून निघते ती फारिनाता: कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. आईने कागदावरचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "बेसनाचा पोळा!" कल्हईची परात तर तिने आपल्याकडे कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. गावकरी सांगतात की १२८४ साली मेलोरियाची लढाई जिंकून परतणाऱ्या जेनोवाच्या जहाजांवर वादळात पिठाची आणि तेलाची पिंपं फुटली, खाऱ्या पाण्यात सगळं कालवलं, आणि उन्हात वाळून हा पदार्थ जन्मला. लढाई खरी आहे, पिंपांची दंतकथा आहे, आणि मला दोन्ही एकत्र ऐकायला आवडतात.

फोकाच्चा नावाची चीजची रोटी मात्र रेक्कोचीच खावी, कामोल्यीपासून एकच स्टेशन पुढे. यीस्ट नाही, कागदासारख्या दोन पापुद्र्यांत वितळलेलं मऊ चीज. २०१५ साली त्या नावाला युरोपात संरक्षण मिळालं आणि ते नाव लावण्याचा हक्क फक्त चार गावांना आहे. कामोल्यी त्यातलंच एक.

शेवटच्या दिवशी त्याच वरच्या खानावळीत फळ्यावर एक मासा होता, त्याच्यापुढे 'तोन्नारेल्ला' लिहिलेलं. तोन्नारेल्ला हे जाळ्याचं नाव. गावाजवळच्या खडकाळ टोकापाशी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एकाच जागी लावलेलं प्रचंड जाळं असतं. किनाऱ्यालगत फिरणारी मासळी वाट चुकून त्याच्या खोल्यांमध्ये शिरते आणि माणसं होडीतून ते हाताने वर ओढतात. निदान सतराव्या शतकापासून ते चालत आलं आहे. आईने विचारलं, एवढं जाळं खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने टिकतं कसं, नायलॉनचं असेल? मालकीणबाईंनी मान हलवली आणि लेकीला एक शब्द सांगितला. लेकीने फोनवर बघून आजीला सांगितला: नारळ.

काथ्या! इटलीच्या त्या खडकाळ किनाऱ्यावर, जिथे नारळाचं झाड नाही, तिथे दरवर्षी काथ्याच्या दोराने जाळं विणतात. त्या दोरावर शेवाळ धरतं, शेवाळाला मासे येतात, आणि हंगाम संपला की जाळ्याचा मोठा भाग समुद्रातच सोडून देतात. तो कुजून तळाला मिळतो.

आई बराच वेळ काही बोलली नाही. पुढ्यातला मासा तिने काट्याशी काटा वेगळा करून संपवला. मग लेकीला म्हणाली, "त्यांना विचार, उद्या सकाळी किती वाजता ओढतात ते. आपली गाडी दहाची आहे ना?"