पाच हजारांची बोट, चौदाशे खुर्च्या

द्राक्षाच्या छाटणीवर आणि हुमणीच्या बंदोबस्तावर लिहिणारा माणूस आज बोटीच्या सहलीकडे कसा वळला, असे तुमच्या मनात आले असेल. कारण साधे आहे. अलीकडे आमच्या भागातल्या चार-पाच घरांतली वडीलधारी मंडळी अशा सहली करून आली. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला, आईबाप भेटीला गेले की पोरे हौसेने त्यांना आठवडाभराच्या बोटीवर नेतात. शिवाय २०२१ पासून मुंबई बंदरातूनही गोवा, लक्षद्वीपच्या दिशेने सहलीची बोट सुटू लागली, त्यामुळे आता पासपोर्ट नसलेल्या घरांतही हा विषय निघतो. आणि प्रत्येक घरी प्रश्न एकच: “साहेब, एवढ्या हजारो माणसांत आपल्या वाट्याला काय येणार?”

प्रश्न अगदी शेतकऱ्याचा आहे. पाटाला पाणी किती, यापेक्षा आपली पाळी केव्हा, हेच आपण आधी विचारतो.

प्रथम बोट केवढी ते पाहू. रॉयल कॅरिबियन या कंपनीची ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट फिनलंडमधल्या तुर्कू येथे बांधली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बंदरातून पहिल्या सफरीवर निघाली. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले वीस, पोहण्याचे तलाव सात. एका खोलीत दोघे या हिशेबाने प्रवासी ५,६१०. चाकरवर्ग २,३५०. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी वस्ती पाण्यावर तरंगते. १९१२ साली बुडालेली टायटॅनिक त्या काळी अजस्र म्हणून गाजली होती; ही बोट आकारमानाने तिच्या पाचपट आहे.

आता एक बारकावा लक्षात घ्या. जाहिरातीत छापतात तो आकडा खोलीमागे दोघांचा असतो. पण पुष्कळ खोल्यांत तिसरी-चौथी झोपण्याची सोय असते, भिंतीतून खाली ओढायची किंवा सोफ्याची. नाताळात आणि उन्हाळ्याच्या सुटीत पोराबाळांसह कुटुंबे येतात तेव्हा या जागाही भरतात. आयकॉनवर अशा वेळी जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. या धंद्यात बोट ‘शंभर टक्क्यांहून अधिक भरली’ असे म्हणतात ते याचमुळे. एस.टी.त उभ्याने प्रवास करतात तसले ते नव्हे, प्रत्येकाला गादी असतेच. पण तलाव, जिने आणि नाटकाच्या खुर्च्या मात्र वाढत नाहीत.

जाणकार मंडळी गर्दीचा अंदाज काढायला एक भागाकार करतात. बोटीचे आकारमान ‘ग्रॉस टन’ या मापाने सांगतात. हे वजन नव्हे, बंदिस्त जागेचे माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचे. आयकॉनचे २,४८,६६३ टन; भागिले ५,६१०, म्हणजे माणशी ४४. मुंबईहून निघणारी ‘एम्प्रेस’ ही १९९० सालची बोट सुमारे ४८,५०० टनांची; तिथे हे उत्तर तीसच्या आसपास येते. म्हणजे कागदावर मोठ्या बोटीतच माणशी जागा जास्त! मग “फार गर्दी होती हो” अशी तक्रार मोठ्या बोटीवरून आलेले लोकच का करतात?

ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना याचे उत्तर चटकन कळेल. गादी पद्धतीच्या शेडमध्ये अंड्यावरच्या पक्ष्याला दोन चौरस फूट जागा द्या असे आम्ही सांगतो. तेवढी दिली तरी काम संपत नाही. खाद्याच्या भांड्याच्या कडेला प्रत्येक पक्ष्यामागे चार बोटे जागा हवी, नाही तर खाद्य भरपूर असूनही दांडगे पक्षी पुढे आणि गरीब पक्षी मागे. आठवड्याने वजन करा, कळप दुफळी झालेला दिसतो. बोटीचेही असेच आहे. जमिनीची जागा मुबलक असते; भांड्याची कड कमी पडते.

ती कड कशी कमी पडते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या बांधणीच्या बोटींत एक सरळ व्यवस्था असे. जेवणाच्या पंगती दोन, पहिली संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दुसरी साडेआठच्या. नाट्यगृह साधारण निम्मे प्रवासी बसतील एवढे. एक अर्धी बोट जेवत असताना दुसरी अर्धी नाटक पाही, मग अदलाबदल. कोणी चिठ्ठी काढायला नको की नाव नोंदवायला नको. वराती पंगतीसारखा प्रकार. पहिल्या पंगतीला हुकलेला दुसरीला बसतो.

मोठ्या बोटींनी ही चाल मोडली. २००९ साली आलेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ या बोटीवर दोघांच्या हिशेबाने ५,४०० प्रवासी आणि मुख्य नाट्यगृहात खुर्च्या सुमारे चौदाशे. त्याशिवाय बर्फावरच्या नाचाचे एक सभागृह आणि उघड्यावर पाण्यातल्या उड्यांचे एक रंगमंडल. बोट बांधली तेव्हा या दोन्हींत सुमारे साडेसातशे-साडेसातशे जागा. करमणूक वाढली हे खरेच. पण हिशेब मांडा. मोठे नाटक सगळ्या बोटीला दाखवायचे तर चार खेळ हवेत. बर्फावरचा नाच सगळ्यांना दाखवायचा तर आठ. पाण्याचा खेळ उघड्यावर. वारा वाढला किंवा बोट डोलू लागली की उंचावरून उड्या मारणाऱ्यांचा जीव धोक्यात, म्हणून तो रद्द करतात आणि ते योग्यच आहे. मात्र त्या रात्रीचे साडेसातशे लोक उरलेल्या खेळांच्या दाराशी येतात.

म्हणून या बोटींवर मोठ्या खेळांची जागा आगाऊ नोंदवावी लागते. वेगळे पैसे पडत नाहीत. काही नोंदणी निघण्याच्या कितीतरी आधी घरबसल्या होते, काही बोटीवर पाऊल ठेवल्यावर मोबाईलवर. ज्याला हे ठाऊक तो पहिल्याच दुपारी, बाकीचे भजी शोधत असताना, आठवड्याचे सगळे खेळ बांधून मोकळा होतो. ज्याला ठाऊक नाही तो तिसऱ्या दिवशी दाराशी जातो आणि ‘जागा भरल्या’ असे ऐकतो. दोघांनी भाडे सारखेच भरलेले असते.

एक खुर्ची मिळाली

आमच्या तालुक्यातले एक बागाईतदार आणि त्यांच्या सौभाग्यवती अशाच एका बोटीवर गेले होते. वहिनींच्या मनात एकच होते, बर्फावर नाचणारी माणसे पाहायची. सुनेने फोनवर चित्रफीत दाखवली होती तेव्हापासून. मुलाने दोन खोल्या घेतल्या होत्या, पण आईवडिलांची नोंद आपल्या नोंदीला जोडायची राहिली. त्यामुळे त्याच्या फोनवर खेळाच्या जागा धरल्या गेल्या त्या त्याच्या बिऱ्हाडाच्या, म्हाताऱ्यांच्या नव्हेत. लक्षात आले तेव्हा सगळे खेळ भरले होते.

अशा वेळी एक वाट असते. नोंदणी केलेले सगळेच येत नाहीत. कोणी झोपलेले असते, कोणी जेवत असते. खेळाला दहा-एक मिनिटे उरली की रिकाम्या खुर्च्या बिननोंदणीच्या रांगेतल्यांना सोडतात. हे दोघे तासभर आधी जाऊन त्या रांगेत उभे राहिले. भाषा येत नव्हती, पण रांग येत होती. सोसायटीच्या दारात खतासाठी उभे राहिलेल्यांना ती शिकवावी लागत नाही. रांग सरकली आणि दाराशी आले तेव्हा खुर्ची उरली एक. भाऊंनी वहिनींना आत पाठवले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. वहिनी मला सांगत होत्या, “खांबाच्या कडेची जागा होती, पण बर्फाचा गारवा तोंडावर येत होता.” भाऊंना विचारले तर म्हणाले, “मला काय, मी टाळ्या ऐकल्या.”

मुलगा मात्र अजून हळहळतो. आपल्या मेहनतीच्या पैशाने आईबापांना नेले आणि त्यांनाच बाहेर बसावे लागले, हे त्याला लागले आहे. तसे लागू नये म्हणूनच हे सगळे लिहितो आहे.

रांग सर्वांना सारखी असते असेही समजू नका. टायटॅनिकवर पहिला, दुसरा, तिसरा वर्ग उघड होता. पुढे अशा सहलीच्या बोटींवरून वर्ग नाहीसे झाले आणि सगळे एका पंगतीत बसू लागले. आता ते वेगळ्या दाराने परत आले आहेत. एम.एस.सी. कंपनीच्या बोटींवर ‘यॉट क्लब’, नॉर्वेजियन कंपनीच्या बोटींवर ‘हेवन’ असे राखीव भाग आहेत. तिथल्या पाहुण्यांचा तलाव निराळा, जेवणघर निराळे. इतर बोटींवरही महागड्या खोल्यांतल्या लोकांसाठी नाट्यगृहात काही ओळी राखून ठेवण्याची पद्धत आहे. ज्याने जास्त मोजले त्याला जास्त मिळावे, याला माझी ना नाही. पण राखीव जागा त्याच चौदाशे खुर्च्यांतून जातात, हे भाडे ठरवताना कोणी सांगत नाही.

तलावाकाठच्या खुर्च्यांची कथा आणखी मजेदार. पहाटे उठून खुर्चीवर टॉवेल टाकायचा आणि निवांत न्याहारीला जायचे, हा उद्योग जगभरचे सुशिक्षित लोक करतात. आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो म्हणून उगाच लाजतो! कित्येक कंपन्यांनी अर्ध्या-पाऊण तासाची मुदत घातली आहे. तेवढ्यात मालक आला नाही तर चाकरवर्गाने टॉवेल उचलावा असा नियम. उचलतात का, हे त्या दिवशीच्या मुकादमावर अवलंबून.

गर्दी चुकवायची तर बोटीचे दिवस ओळखा. दिवसभर बोट समुद्रातच असते तो दिवस सर्वांत दाटीचा. बंदराला लागली की बहुतेक लोक उतरून गावात जातात आणि तलाव मोकळे पडतात. (उतरलेले लोक त्या गावात जी दाटी करतात ती वेगळीच. व्हेनिसच्या लोकांनी वर्षानुवर्षे तक्रार केली, तेव्हा ऑगस्ट २०२१ पासून इटली सरकारने मोठ्या बोटींना तिथल्या जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी केली.) पूर्वी पाहिलेल्या बंदराला एखादा दिवस बोटीवरच राहिलात तर काही बिघडत नाही.

ओअ‍ॅसिसच्या पोटात, वर आकाश उघडे ठेवून, दहा हजारांहून अधिक जिवंत रोपांची बाग केली आहे. दोन्ही बाजूंना खोल्यांच्या उंच भिंती, त्यामुळे खारा वारा थेट लागत नाही. आपण केळीला शेवरीचे कुंपण करतो तोच विचार. संध्याकाळी सगळे नाटकाला धावतात तेव्हा तिथली बाकडी रिकामी असतात असे जाऊन आलेले सांगतात.

मुंबईच्या बोटीने जायचे असेल तर एवढे ध्यानात असू द्या, की सहल बहुधा दोन-तीन रात्रींची असते. सात रात्रींत हुकलेला खेळ पुन्हा लागू शकतो, दोन रात्रींत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच एजंटाला विचारा: जेवणाची पंगत ठरलेली आहे की कधीही जायचे? खेळांना नोंदणी लागते का, आणि ती केव्हा खुली होते? भाड्यात कोणते खेळ येतात आणि कोणत्यांना वेगळे पैसे? आपण जाणार त्या आठवड्यात शाळांना सुटी आहे का, हे मात्र एजंट सांगणार नाही. ते कॅलेंडरवर बघा. आणि परदेशातल्या मुलामुलींनो, खोल्या कितीही घ्या, आईवडिलांची नोंद आपल्या नोंदीला पहिल्याच दिवशी जोडून घ्या, आणि खेळांच्या वेळा कागदावर मराठीत लिहून त्यांच्या खिशात द्या. फोनची बॅटरी उतरते.