खोक्यातली तबकडी

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवलेली आहे. पृथ्वीवरचे निवडक आवाज, संगीत आणि चित्रे तिच्या खाचांमध्ये कोरलेली आहेत. कार्ल सेगन यांच्या समितीने ही निवड केली. तिच्यात भारतीय शास्त्रीय संगीताचा एकच नमुना आहे : केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवीतील एक चीज, सुमारे साडेतीन मिनिटांची.

ही चीज संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी सुचवली होती. अडचण अशी, की ती ज्या तबकडीवर होती ती बाजारात मिळत नव्हती. समितीतील ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कमधील दुकानामागून दुकाने पालथी घातली. दुसरे काही सुचवा, असे ब्राउन यांना विनवूनही पाहिले. ते बधले नाहीत. अखेरीस लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, विजेची उपकरणे विकणाऱ्या एका दुकानात, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात त्या तबकडीच्या प्रती सापडल्या. गोव्यातील केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचा आवाज त्या खोक्यातून निघाला आणि २०१२ साली व्हॉयेजर-१ बरोबर सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून पलीकडे गेला. दुकानदाराला आपल्या टेबलाखाली काय आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

अशी खोकी आपल्याकडे थोडी नाहीत. जुने घर पाडताना, शाळेचे कपाट रिकामे करताना, माळ्यावरचे सामान उतरवताना ती निघतात. बहुतेकदा रद्दीच्या वजनावर जातात. त्यांचे मोल कसे ओळखायचे, असे शिक्षकमित्र आम्हाला विचारतात, तेव्हा प्रश्न किमतीचा आहे असे आम्ही आधी समजत असू. किमतीचे उत्तर छोटे आहे. जी तबकडी खूप खपली ती आजही खूप सापडते. 'शोले'च्या (१९७५) संवादांची एलपी सापडली म्हणून हरखून जाण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : या खाचांमध्ये जे आहे ते दुसरीकडे कुठे आहे का? त्याचे उत्तर शोधायला पुष्कळदा तबकडी वाजवावीही लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे तबकडी कशाची आहे ते पाहणे. काठ धरून नखाने हलकेच टिचकी मारा. व्हिनाइलची तबकडी बोदा आवाज देते, जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी बशीसारखी टणकन वाजते. ती जड असते, वाकत नाही आणि हातून पडली तर फुटते. (वाकवून पाहू नये!) ती बनते चपड्याची. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यापासून हा पदार्थ मिळतो आणि त्याच्या उत्पादनात भारताचे स्थान फार मोठे आहे. चपड्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, लगदा तापवून, धातूच्या साच्यांत दाबला की तबकडी तयार होते. दगडाची पूड कशासाठी? एक तर ती स्वस्त. दुसरे म्हणजे पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. झिजायचे पिनने, खाचेने नव्हे, असा हा हिशेब होता. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी पिन लावा, अशी सूचना पिनांच्या डबीवर असे. ती कोणी फारशी पाळत नसे, हे तबकड्यांकडे पाहिल्यावर समजते.

चपडा म्हटल्यावर सुतारकाम पाहिलेल्यांना पॉलिश आठवेल. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते पॉलिश करतात. आम्हालाही हे ठाऊक होते. तरीही कित्येक वर्षांपूर्वी एका शिक्षकांनी आणून दिलेल्या तबकडीवरची बुरशी आम्ही सवयीने, भिंगे पुसतो तशी, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. दोन मिनिटांत तिची चमक गेली आणि खाचांच्या कडा विरघळून बसल्या. वाजवल्यावर फोडणीसारखी चरचर आणि तिच्यामागे कुठेतरी एका बाईंचा आवाज, एवढेच उरले. लेबलावरची शाईही पसरली. पुसण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक टिपून ठेवायचे आम्हाला सुचले नव्हते. त्यामुळे आपण नेमके काय घालवले, हेही आम्हाला आजवर कळलेले नाही.

तेव्हा आधी वही, मग बोळा. चपड्याची तबकडी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसावी, लेबल कोरडे ठेवावे आणि लगेच टिपून घ्यावे. व्हिनाइललाही हेच चालते. मात्र व्हिनाइलचा शत्रू उष्णता. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात आडव्या रचून ठेवलेल्या एलपी कायमच्या वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवल्या तर वर्षानुवर्षे टिकतात.

दुसरी पायरी खाचेची. साधे भिंग आणि मोजपट्टी घ्या. ७८ च्या तबकडीत एका मिलिमीटरात साधारण चार खाचा मोजता येतील, एलपीमध्ये आठ ते दहा. खरे तर 'खाचा' म्हणणे चूक आहे. एका बाजूला खाच एकच असते, काठापासून लेबलापर्यंत गुंडाळत जाणारी. तिची लांबी किती? विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घाला. दहा इंची तबकडी सव्वातीन मिनिटे वाजते. ७८ गुणिले सव्वातीन म्हणजे सुमारे २५४ फेरे. सरासरी त्रिज्या साडेआठ सेंमी धरली तर एक फेरा ५३ सेंमीचा आणि सगळी खाच सुमारे १३५ मीटर! वीस मिनिटांच्या एलपीत हीच लांबी चारशे मीटरच्या वर जाते. खाच अरुंद असल्यामुळे तिला सुईही बारीक लागते. ७८ साठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रोमीटर असते, एलपीसाठी २५ किंवा त्याहून कमी. हाताने किल्ली द्यायच्या जुन्या ग्रामोफोनची पिन शंभर ग्रॅमहून अधिक भाराने तबकडीवर टेकते, एलपीच्या सुईचा भार दोन-तीन ग्रॅम. म्हणून एलपी हौसेने भोंग्याच्या ग्रामोफोनवर लावू नये. एकदा वाजेल, पुढे वाजण्यासारखी राहणार नाही.

लांबीचा आणखी एक उपयोग आहे. केसरबाईंची ती चीज साडेतीन मिनिटांचीच का? कारण ती लांबी ७८ च्या तबकडीची आहे. १९४८ मध्ये एलपी आली. पुढे कंपन्यांनी जुन्या ७८ च्या तबकड्यांवरचे गायन एलपींवर उतरवून विकले. तेव्हा एलपीवर तीन-साडेतीन मिनिटांचे तुकडे ओळीने असतील, तर ती बहुधा उतरवलेली प्रत आहे. अशा वेळी मूळ ७८ ची तबकडी जवळ असेल तर ती टाकू नये. उतरवताना खरखर काढण्याच्या नादात आवाजातील उंच वारंवारतेचा भागही पुष्कळदा कापला जाई. शिवाय धातूचे मूळ साचे अनेक कंपन्यांनी वितळवून टाकलेले आहेत. मग कुणाच्या तरी घरातली प्रत हीच मूळ प्रत ठरते.

तिसरी पायरी आम्हाला सर्वांत आवडते. लेबल आणि खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर तिरपा उजेड पाडा. तिथे काही आकडे आणि अक्षरे उमटलेली दिसतील. लेबलावरचा क्रमांक विक्रीसाठी असतो, हा ध्वनिमुद्रणाचा असतो. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर आकड्याशेजारच्या अक्षरावरून तबकडीचा आकार आणि मुद्रण करणारा तंत्रज्ञसुद्धा ओळखता येतो. एकच चीज दोनदा-तीनदा गाऊन घेत असत. कधीकधी लेबल तेच ठेवून नंतरच्या प्रती दुसऱ्या वेळच्या मुद्रणावरून काढल्या जात. म्हणजे लेबल सारखे दिसले तरी गाणे तेच असेल, पण गाणे झालेले नसेल. 'दोन सारख्या आहेत, एक टाकून द्या' असे म्हणण्यापूर्वी हे आकडे जुळवावेत. भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या सूच्यांचे मोठे काम मायकेल किनिअर यांनी केले आहे, आणि १९९० साली मुंबईत संग्राहकांची एक संस्थाही स्थापन झाली. त्यांच्या कामाचा पाया हे इवलेसे आकडे आहेत.

आता वेग. '७८' हा आकडा फसवा आहे. सुरुवातीच्या काळात मुद्रण यंत्राचा वेग सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही असे. समजा, ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी आपण ७८ ने वाजवली. ७८ भागिले ७४ म्हणजे १.०५४, प्रत्येक सुराची वारंवारता साडेपाच टक्क्यांनी चढली. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते. म्हणजे काळी एकमध्ये गाणारी गायिका जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागली! लयही चढली आणि आवाज चिरका झाला. 'जुन्या काळी बायका फार चिरक्या आवाजात गात' हे मत किती जणांनी चुकीच्या वेगावरून बनवले असेल, कोण जाणे.

निदान आपली थाळी तरी बरोबर फिरते का, हे वर्गात तपासता येते. कागदाच्या गोल चकतीवर कोनमापकाने दर दोन अंशांवर केंद्राकडे जाणारी एक, अशा १८० रेघा ओढा आणि ती थाळीवर ठेवा. चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. (एलईडीचे पुष्कळ दिवे तसे करत नाहीत. विजेच्या बोर्डावरचा छोटा नारिंगी नीऑन दिवा चालेल.) थाळी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० अंश, म्हणजे एका शतांश सेकंदात नेमकी दोन अंश फिरते आणि प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते. रेघा स्थिर दिसतात. त्या फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त आहे, उलट सरकल्या तर कमी. ७८ साठी किती रेघा लागतील? विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर ७७ येईल.

वेगाची चूक कोणाच्याही हातून होते. १८६० साली एदुआर्द-लेऑन स्कॉट या फ्रेंच गृहस्थांनी काजळी लावलेल्या कागदावर आवाजाची नागमोडी रेघ उमटवली होती. ती ऐकण्याची सोय तेव्हा नव्हती. २००८ मध्ये संगणकाने तिचे पुन्हा ध्वनीत रूपांतर केले, तेव्हा एखादी मुलगी गात आहे असे वाटले. पुढच्याच वर्षी लक्षात आले, की वेग दुप्पट धरला गेला होता. गाणारा पुरुष होता, बहुधा स्कॉट स्वतःच.

ही रेघ ऐकवण्यात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचाही हातभार होता. तिथले कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव हे कणभौतिकीचे संशोधक. मूलकणांचे मार्ग छायाचित्रांतून मोजण्याची पद्धत त्यांनी खाचेला लावली. तबकडीला सुई न लावता, नुसत्या प्रतिमांवरून ध्वनी काढता येतो, हे त्यांनी २००३ च्या सुमारास दाखवले. याचा अर्थ फुटलेली तबकडीसुद्धा मुकी नसते. तुकडे चिकटवू नयेत, घासू देऊ नयेत. एकेक कागदात गुंडाळून, सगळे मिळून एका पाकिटात ठेवावेत.

खोक्यात एखादी बिनलेबलाची किंवा हाताने लिहिलेल्या लेबलाची, कडेला धातूचा पत्रा दिसणारी तबकडी निघाली, तर तिच्यावर सुई मुळीच ठेवू नये. ॲल्युमिनियमवर लॅकरचा थर देऊन त्यावर थेट आवाज कोरण्याची पद्धत होती. ती छापलेली प्रत नव्हे, एकमेव असते. हा थर काळाबरोबर आकसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशीच असेल असे नाही. लॅकरमधलेच घटक बाहेर आलेले असतात. भाषण असेल, शाळेचा समारंभ असेल किंवा आजोबांचा आवाज. ती ध्वनिमुद्रण जाणणाऱ्याकडेच न्यावी.

बाकीच्या तबकड्या योग्य सुई आणि वेग जुळवून एकदा जरूर ऐका, मात्र शेवटपर्यंत. भारतात कारखाना निघण्यापूर्वी, म्हणजे १९०८ च्या आधी, इथे मुद्रित झालेले आवाज जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन तिथे छापले जात. कोण गाते आहे हे तिथे कसे कळणार? म्हणून गायक चीज संपल्यावर आपले नाव मोठ्याने सांगत. १९०२ साली कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग यांनी मुद्रित केलेल्या गौहरजान तर ते इंग्रजीत सांगत. लेबल गळून गेलेल्या तबकडीवर हे शेवटचे दोन-तीन सेकंद तेवढे ओळख सांगायला उरलेले असतात, आणि गाणे संपले म्हणून आपण नेमकी तेव्हाच सुई उचलतो.