सभेत उभ्या राहिलेल्या बायका

विदुषींचा विषय निघाला की गार्गी-मैत्रेयी हे जोडनाव आपोआप तोंडी येतं. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी वाचक्नवी भरसभेत याज्ञवल्क्य ऋषीला विचारत जाते: हे सगळं कशात ओतप्रोत आहे, आणि ते कशात? एका टप्प्यावर तो बजावतो, याहून पुढे विचारशील तर मस्तक गळून पडेल. ती गप्प बसते. पण पुन्हा उठते, आणखी दोन प्रश्न विचारते आणि याला कोणी जिंकणार नाही, असा निकालही स्वतःच देते. तिच्या बाईपणाचा मुद्दा तिथे कोणी काढत नाही.

तो निघतो महाभारताच्या शांतिपर्वात, सुलभेपाशी. माझ्या मते ही गार्गीहून थोर. तरी भाषणांतून तिचं नाव ऐकू येत नाही. राजा जनक स्वतःला मुक्त म्हणवतो. संन्यासिनी सुलभा योगबळाने त्याच्या अंतरंगात शिरून त्याला पारखते. राजा चिडतो. तू कोण, कोणाची, कुठल्या वर्णाची, माझ्यात शिरून संकर केलास! सुलभा आधी त्याला चांगलं वाक्य कसं असावं ते समजावते (राजाला!). मग म्हणते, सगळ्यांची शरीरं त्याच तत्त्वांची, क्षणोक्षणी बदलणारी. मुक्ताला ‘तू कोणाची’ हा प्रश्न पडतोच कसा? जनक निरुत्तर होतो.

बौद्ध भिक्षुणींच्या थेरीगाथेतल्या सोमेचंही म्हणणं तेच: चित्त स्थिर झालं की बाईपण आड येत नाही. घर सोडलेल्यांना एवढं पुरे होतं. १७व्या शतकातल्या शिऊरच्या बहिणाबाईंना ते पुरलं नाही. नवऱ्याचा मार सोसत, तुकोबांना गुरू मानून त्यांनी अभंग रचले. वेदपुराणं बाईला कमी लेखतात, तर तिने परमार्थ साधावा कसा, हा त्यांचा प्रश्न संसारात राहूनच विचारलेला आहे.

ताराबाई शिंदे यांनी मुक्तीचा आधारच सोडला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या नीतीवर घसरली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून जबाब दिला. बायको मेली की नवरा दुसरी आणतो, मग विधवेलाच बंदी का? शास्त्रकार राहोत, पुराणातल्या देवांनाही त्या सोडत नाहीत. सुलभेने राजाचा दावा तपासला होता. ताराबाईंनी न्याय करायला बसलेल्यांनाच आरोपी केलं.

म्हणून इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या माणसांवरचं ‘युगान्त’ (१९६७) वाचताना मी अडखळतो. प्राचीनांना त्या माणसांसारखं तपासतात, मुक्तीची भाषा जवळजवळ टाळतात. ही आधुनिक दृष्टी ताराबाईंचीच. पण भर द्यूतसभेत कायद्याचा काथ्याकूट करणं ही द्रौपदीची चूक, असं त्यांना वाटतं. हा निकाल मला मान्य नाही. चूक होती ती ‘धर्म सूक्ष्म आहे’ म्हणत बसून राहिलेल्या भीष्माची.