तेल, तूप आणि इन्सुलिन





मधुमेह म्हटला की आपले बोट आधी साखरेकडे जाते. आजोबांच्या चहातली साखर बंद होते, पण बशीतल्या कचोरीकडे कोणी पाहत नाही. साखरेवर लक्ष ठेवणे योग्यच आहे. परंतु रक्तातील साखर ताब्यात राहणे हे आपण कोणते तेल-तूप खातो आणि किती खातो, यावरही अवलंबून असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून हा विषय प्रत्येक घराने समजून घ्यावा.

पोहे, पोळी, भात पचले की ग्लुकोज तयार होऊन रक्तात येते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिनचा निरोप मिळताच स्नायूंच्या पेशी दारे उघडून ग्लुकोज आत घेतात आणि यकृत साखर तयार करणे कमी करते. थोड्या इन्सुलिनने हे काम भागले तर शरीर इन्सुलिनला संवेदनशील आहे असे म्हणतात. तेवढ्याच कामाला जास्त इन्सुलिन लागू लागले तर तो इन्सुलिन-प्रतिरोध. स्वादुपिंड काही वर्षे जादा काम करून वेळ निभावते. ते कमी पडू लागले की साखर वाढते.

यात तेलाचा संबंध कुठे येतो? १९६३ साली ब्रिटनमधील फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्नायूंना इंधन म्हणून मेदाम्ले भरपूर मिळाली की ते ग्लुकोज कमी वापरतात. पुढच्या संशोधनात दिसले की स्नायू व यकृताच्या पेशींत चरबीचे काही घटक साठले तर इन्सुलिनचा निरोप आत नीट पोहोचतच नाही.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे मेदाम्लाला ‘वसा अम्ल’ आणि संपृक्तला ‘संतृप्त’ म्हणत. आपल्या मुलांना दोन्ही शब्द भेटतात, म्हणून सांगितले. संपृक्त मेदाम्लांचे रेणू सरळ काड्यांसारखे असतात, ते एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून थंडीत तूप घट्ट होते. असंपृक्त मेदाम्लांचे रेणू वाकलेले असतात, म्हणून सोयाबीन किंवा मोहरीचे तेल पातळ राहते. तूप, लोणी, पामतेल यांत संपृक्त मेदाम्ले जास्त असतात. शेंगदाणा, तीळ, मोहरी आणि आपल्या माळव्यात भरपूर पिकणारे सोयाबीन यांच्या तेलांत असंपृक्त जास्त.

हा फरक शरीरातही दिसतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६२ निरोगी माणसांना तीन महिने ठरावीक आहार दिला. संपृक्त मेद जास्त असलेल्या गटाची इन्सुलिन-संवेदनशीलता सुमारे १० टक्क्यांनी घटली. ऑलिव्ह तेलासारखा असंपृक्त मेद घेणाऱ्यांची घटली नाही. मात्र ज्यांच्या आहारात एकूण मेदच फार होता, त्यांना चांगल्या तेलाचाही लाभ झाला नाही. म्हणजे प्रकार महत्त्वाचा, तसे प्रमाणही.

२०१४ चा स्वीडनमधील प्रयोग मुलांना आवडेल. ३९ तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला दिले. काहींचे पामतेलाचे, काहींचे सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्ही गटांचे सारखेच वाढले, पण यकृतातील चरबी पामतेलाच्या गटात कितीतरी जास्त वाढली. वजनकाट्यावर हा फरक दिसला नसता.

याचा अर्थ तूप वर्ज्य करा असा नाही. वरणभातावर चमचाभर तूप असू द्या. पण रोजची फोडणी मोजून घाला. छोट्या चमचाभर तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. बिस्किटे आणि पाकीटबंद शेव घेताना वेष्टनावर पामतेल किंवा पामोलीन लिहिले आहे का, ते मुलांकडून वाचून घ्या. जवसाची चटणी, दाणे, तीळ ताटात येऊ द्या. आणि मुलांनो, मैदानावर या! स्नायू काम करतात तेव्हा इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही ग्लुकोज आत घेतात. घरात कोणाचे औषध चालू असेल तर ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

विश्वस्त मंडळींना तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेच्या उपाहारगृहात तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. वापरलेल्या तेलातील खराब घटकांची मर्यादा २५ टक्के असावी, हा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे. दुसरी, तळलेले पदार्थ आठवड्यातून एकच दिवस ठेवावेत. बाकी दिवस पोहे, उपमा, उसळ, फळे द्यावीत. तिसरी, स्नेहसंमेलनाच्या अल्पोपाहारात वनस्पती तूप वापरू नये. त्यातील घातक ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, तरी त्यातला संपृक्त मेद राहतोच.

खर्च थोडा वाढेल, मुलांची कुरकुरही होईल. पण ज्या मुलांना आपण विज्ञान शिकवतो, त्यांच्या बशीत ते दिसायला हवे. पालकांनी आपले मत पुढील पालक सभेत अवश्य मांडावे.

– प्राचार्य