हिरवा शेंबूड आणि अँटिबायोटिक

जिवाणू आणि विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. एवढ्या एका साम्यावर दोघांनाही ‘जंतू’ म्हणून एकाच पंगतीत बसवले जाते. त्यातूनच पुन्हा पुन्हा कानावर येणारा एक समज पोसला गेला आहे: सर्दी झाली, घसा धरला, अंगात कणकण आली की ‘जरा स्ट्राँग’ अँटिबायोटिक घ्यावे, दोन दिवसांत मोकळे. हा समज साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे जिवाणूच्या रचनेतूनच कळते.

जिवाणू ही एक संपूर्ण पेशी असते. आतड्यातला ई. कोलाय सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो. त्याला केंद्रक नसते. डीएनएचे वेटोळे पेशीद्रवातच असते. प्रथिने बनवणारे रायबोसोम त्याच्याकडे स्वतःचे असतात. पातळ पेशीपटलाबाहेर शर्करेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे छोटे दुवे यांची भक्कम पेशीभित्तिका असते. आतल्या द्रवाचा दाब ही भिंतच पेलते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे नेमके ते आडवे दुवे जुळू देत नाहीत. भिंत कमकुवत होते आणि जिवाणू फुटतो. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन त्याच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवतात. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते आणि तिचे रायबोसोमही वेगळे असतात, म्हणून रुग्ण सुरक्षित राहतो.

विषाणूकडे यातले काहीच नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला जनुकीय मजकूर, काहींवर चरबीचे आवरण, बस्स. तो माणसाच्या पेशीत शिरतो आणि तिचीच यंत्रणा वापरतो. सर्दी किंवा फ्लूच्या विषाणूवर अमॉक्सिसिलिन कमी पडते असे नाही. त्याला तिथे लागू पडायला जागाच नाही. मग ‘डोस वाढवून द्या’ या आग्रहाला काय अर्थ उरतो?

तरी अनुभव येतो, असे सांगितले जाते. सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. चौथ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या आणि सातव्या दिवशी बरे वाटले, तर श्रेय गोळ्यांना मिळते. सर्दीवरील चाचण्यांचा कॉक्रन या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा सांगतो की साध्या सर्दीत अँटिबायोटिकचा फायदा दिसला नाही. प्रौढांमध्ये दुष्परिणाम मात्र वाढले.

दुसरा पुरावा म्हणून हिरव्या शेंबडाकडे बोट दाखवले जाते. पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेझ नावाचे लोहयुक्त, हिरव्या रंगाचे विकर असते. संसर्गाच्या जागी या पेशी जमतात, मरतात आणि शेंबूड हिरवट-पिवळा होतो. हे विषाणूच्या सर्दीतही होते. रंगावरून जिवाणू ठरवता येत नाही. घशाचे मात्र तपासून घ्यावे: स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसमुळे घसा दुखत असेल, तर उपचार टाळल्यास काहींना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तिथे अँटिबायोटिक हवेच, पण तपासणीनंतर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

विनाकारण घेतलेली गोळी पोटातले उपयोगी जिवाणू मारते आणि टिकाव धरणाऱ्यांना मोकळे रान देते. ‘शरीराला औषधाची सवय होते’ हे म्हणणेही चूक. बदलतो तो जिवाणू. काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारे विकर बनवतात आणि त्याचे जनुक शेजारच्या जिवाणूला देतात. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडवर नेहमीची बहुतेक औषधे निष्प्रभ ठरली. भारतात २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम आहे. तरीही नुसते नाव सांगून पट्टी मागितली जाते, हे संतापजनक आहे.

‘एक अँटिबायोटिक सगळ्या जिवाणूंवर चालते’ हेही खरे नाही. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांच्या १८८४ च्या रंगपद्धतीत जाड भिंतीचे स्टॅफिलोकॉकस जांभळे दिसतात. पातळ भिंतीवर आणखी एक पटल असलेले टायफॉइडचे व कॉलऱ्याचे जिवाणू गुलाबी. ते बाहेरचे पटल कित्येक औषधांना आत येऊ देत नाही. क्षयाच्या जिवाणूची भिंत मेणचट असते आणि तो अतिशय सावकाश वाढतो, म्हणून उपचार महिनोन्‌महिने चालतात. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, त्यामुळे पेनिसिलिन तिथे निरुपयोगी.

बाकीचे समज थोडक्यात. धनुर्वात गंजाने होत नाही, जखमेत गेलेल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे होतो. खिळा चकचकीत असला तरी धोका तोच. पाणी उकळल्याने कॉलरा-टायफॉइडचे जिवाणू मरतात, बीजाणू मात्र तग धरू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेची उपकरणे १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालील वाफेत ठेवतात. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. हॅन्सन यांनी १८७३ मध्येच त्याचा जिवाणू पाहिला होता आणि हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. जठराचे अल्सर तिखटाने होत नाहीत. त्यामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी किंवा वेदनाशामक गोळ्या असतात.

उलटी चूकही तितकीच घातक. पावसाळ्यातला प्रत्येक ताप ‘व्हायरल’ नसतो. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत पसरलेला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) जिवाणूजन्य आहे. उंदीर, कुत्री आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि लाल डोळे अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लवकर सुरू केलेले डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन तिथे मूत्रपिंडे आणि जीव वाचवू शकते.